आरोग्य कर्मचाऱ्यांचे संप व लोकसमर्थन (वऱ्हाड)

वेतन, निवृत्तिवेतन वा सेवाशर्तींसाठी आरोग्य कर्मचाऱ्यांनी केलेल्या संपाला समाजाकडून मिळणारा पाठिंबा. संपाची झळ थेट रुग्णाला बसते. म्हणून मागणी न्याय्य असणे आणि तातडीची सेवा चालू राहणे, या दोन गोष्टींवर हा पाठिंबा टिकतो. अमरावतीचे इर्विन व डफरीन आणि अकोल्याचे सर्वोपचार ही वऱ्हाडातील गोरगरिबांची प्रमुख रुग्णालये; तेथील संपाची झळ त्यांनाच बसते. जुन्या पेन्शन योजनेसाठी १४ ते २० मार्च २०२३ दरम्यान झालेल्या राज्यव्यापी संपात शासकीय परिचारिकाही उतरल्या. आशा स्वयंसेविकांनी मानधनासाठी जून २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये राज्यभर संप केले; मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मासिक ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. वऱ्हाडातील मेळघाटात गरोदर माता व बालकांपर्यंत पोहोचणारी आशा ती काम करते त्याच गावची असते. तिच्या मागणीमागे गावाने उभे राहणे न्याय्यच ठरते.