उडत्या विमानात इंधन : तेजसची परीक्षा

मी लष्करातला माणूस, हवाई दलातला नव्हे. आमच्या ताफ्यात डिझेल संपत आलं की गाडी कडेला घ्यायची आणि टँकरची वाट बघायची. वैमानिकाला कडेला थांबायची सोय नसते. म्हणून आजचा प्रश्न : उडत्या विमानात इंधन भरायला माणूस शिकला कसा?

२७ जून १९२३ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोला दोन लष्करी विमानं एकावर एक उडत होती. वरच्या विमानातून रबरी नळी सोडली. खालच्या विमानात कॅप्टन लोवेल स्मिथ चालवत होते आणि लेफ्टनंट रिश्टर यांनी ती लोंबती नळी हाताने पकडून टाकीत घातली. पुढे ब्रिटनमध्ये सर ॲलन कॉबम यांच्या कंपनीने नळीच्या टोकाला शंकूसारखी टोपली लावली आणि घेणाऱ्या विमानाला पुढे आलेली दांडी दिली. आपलं हवाई दल हीच पद्धत वापरतं.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण टोपली हवेत डोलत असते. तुम्ही जवळ गेलात की तुमच्याच विमानाच्या नाकापुढची हवा तिला बाजूला ढकलते. हळू गेलात तर दांडी अडकत नाही. जोरात गेलात तर नळीला लाट येते आणि दांडीचं टोक मोडू शकतं. नवशिक्या टोपलीकडे टक लावतो, ती हलली की काठी हलवतो आणि विमानच वरखाली नाचायला लागतं. म्हणून शिकवतात की नजर टँकरवर ठेवा, टोपली डोळ्याच्या कोपऱ्यातून बघा. जोडणी झाली तरी सुटका नाही. इंधन येतं तसं विमान जड होतं आणि सतत थोडी थोडी शक्ती वाढवावी लागते.

आता आपल्या बंगळुरूकडे येऊ. ४ जानेवारी २००१ रोजी इथूनच तेजस पहिल्यांदा उडालं. त्याला ही विद्या यायला आणखी सतरा वर्षं लागली. ४ आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नुसती जोडणी करून पाहिली, इंधन न घेता. मग १० सप्टेंबरला २०,००० फुटांवर, २७० नॉट वेगाने, विंग कमांडर सिद्धार्थ सिंग यांनी आयएल-७८ टँकरकडून १,९०० किलो इंधन घेतलं. एचएएल आणि एडीएचे अभियंते ग्वाल्हेरच्या जमिनीवरून एकेक आकडा बघत होते.

याचं महत्त्व काय? लेहसारख्या उंच तळावर हवा विरळ असते, त्यामुळे उड्डाणाच्या वेळचं वजन मर्यादित ठेवावं लागतं. इंधन कमी घेऊन शस्त्रं जास्त न्यायची आणि टाकी वर गेल्यावर भरायची, हा त्यावरचा उपाय.

पण टँकर किती? २००३ पासून आलेली सहा आयएल-७८, आग्र्याच्या ७८ स्क्वाड्रनकडे. नव्या टँकरची खरेदी दोनदा ठरत आली आणि दोनदा रद्द झाली. मार्च २०२५ मध्ये एका खासगी अमेरिकी कंपनीचं केसी-१३५ भाड्याने घेण्याचा करार झाला, तो आपल्या हवाई दलाच्या आणि नौदलाच्या वैमानिकांना हाच सराव देण्यासाठी.

मंडळी, हे कौशल्य सायकलसारखं नाही. सराव सुटला की हात विसरतो. वैमानिक आपल्याकडे आहेत, विमानही आपण बनवलं. त्यांना सरावासाठी टँकर पुरवणं, ही जबाबदारी मात्र जमिनीवरच्या लोकांची.

जय हिंद.