अखेरची सोबत

श्रोतेहो, बऱ्हाणपूर म्हटले की तापीकाठचा शाही किल्ला आठवतो आणि त्यासोबत एक मरणही आठवते. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल या शहरी निवर्तली. साम्राज्याचे वैभव आणि नामांकित हकीम हाताशी असूनही तिला वाचविता आले नाही. दरबारी इतिहासकार सांगतात की, अंतकाळ ओळखून तिने थोरली कन्या जहानआरा हिच्याकरवी बादशहाला बोलाविले, मुले त्याच्या स्वाधीन केली आणि त्याच्या सन्निध प्राण सोडला. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्यास निघाला.

ताजमहाल सर्वांस ठाऊक आहे. त्या वेळी सतरा वर्षांच्या असलेल्या जहानआरेकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. १६५८ मध्ये औरंगजेबाने पित्यास आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले, तेव्हा ती आपण होऊन त्याच्यापाशी राहिली आणि १६६६ मध्ये त्याचा अंत होईपर्यंत, सुमारे साडेसात वर्षे, तिने त्याची शुश्रूषा केली. आईपाशी काही घटका बसावे लागले, पित्यापाशी वर्षेच्या वर्षे.

शहाजहानास स्मृतिभ्रंश होता असे इतिहास सांगत नाही. परंतु ज्या घरात स्मृतिभ्रंशाचा वृद्ध आहे, त्या घराची परीक्षा जहानआरेसारखीच दीर्घ असते. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात डॉ. अल्झायमर यांनी एक्कावन्न वर्षांची एक स्त्री तपासली; स्वतःचे नाव लिहितानाही ती अडखळत असे. १९०६ मध्ये ती वारली, ती अंथरुणास खिळून झालेल्या जखमांतील जंतुदोषाने. हा विकार बरा करणारे औषध आजही नाही. कूस पालटण्याने मात्र अशा जखमा पुष्कळशा टाळता येतात.

अखेरच्या अवस्थेत रुग्ण गिळेनासा होतो. आपण त्याला उपाशी मारतो आहोत, या विचाराने घरची माणसे व्याकूळ होतात. पण या अवस्थेत नाकातून नळी घातल्याने आयुष्य वाढत नाही, असे वैद्यकशास्त्र सांगते. रुचेल तेवढे चमच्याने भरवावे, ओठ ओले ठेवावेत, चेहऱ्यावरून वेदना ओळखून ती शमवावी. हीच उपशामक सेवा. मुंबईत १९८६ साली निघालेल्या शांती आवेदना सदनाने कर्करोग्यांसाठी या सेवेची वाट घालून दिली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा भार अद्याप बहुतेक घरावरच आहे.

मुमताजला बोलता येत होते, म्हणून तिची इच्छा कळली. या रुग्णांना अखेरीस बोलता येत नाही. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उपचारांविषयीची इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची रीत सोपी केली. तेव्हा श्रोतेहो, घरातील वडीलधाऱ्यांचे भान शाबूत आहे तोवर त्यांना विचारून ठेवावे. पुढे निर्णयाची वेळ येईल, तेव्हा आपल्याला त्यांच्याच शब्दांचा आधार असेल.