चोक आणि थंड इंजिनाचे आयडलिंग : प्रीमियर पद्मिनी

कार्बोरेटर असलेल्या पेट्रोल गाडीचे थंड इंजिन सुरू व्हावे आणि गरम होईपर्यंत बंद न पडता चालत राहावे, म्हणून पेट्रोल व हवेचे मिश्रण तात्पुरते दाट करणारी व्यवस्था म्हणजे चोक. जुन्या गाड्यांत ती ड्रायव्हरने नॉब ओढून हाताने चालवायची असते. या नोंदीतील तपशील मुख्यतः कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या सोलेक्स कार्बोरेटरबद्दल आहेत. ही गाडी १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून बाजारात आली, मग काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरचे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस निवृत्त झाली. हौशी मालकांकडे मात्र अजूनही बऱ्याच पद्मिनी चालत्या आहेत.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. गरम इंजिनात वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा पुरते. थंड मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलातले हलके घटक तेवढे वाफ होतात, उरलेले थेंबांच्या रूपात भिंतींना चिकटून राहते. सिलिंडरपर्यंत जळण्याजोगी वाफ पोहोचवायची तर मुळातच जास्त पेट्रोल सोडावे लागते. दुसरी अडचण ऑइलची. थंड ऑइल घट्ट असते, इंजिन जड फिरते, आणि नेहमीच्या आयडलिंगला ते गुदमरून बंद पडते. त्यामुळे चोकला दोन कामे करावी लागतात : मिश्रण दाट करणे आणि फेरे वाढवणे. दुरुस्ती करताना ही दोन कामे वेगळी धरली नाहीत, तर दिवसभर स्क्रू फिरवूनही हाती काही लागत नाही.

ही कामे प्रत्येक कार्बोरेटर आपल्या पद्धतीने करतो. अनेकांत हवेच्या तोंडाशी एक झडप असते. ती मिटली की हवा कमी आणि पेट्रोल जास्त खेचले जाते. मॉरिस मायनर, मिनी अशा ब्रिटिश गाड्यांच्या एसयू कार्बोरेटरमध्ये चोकची केबल जेटच खाली ओढते, त्यामुळे सुईभोवतीची फट वाढते. तिथला एक कॅम थ्रॉटल किंचित उघडून फेरे वाढवतो. चोक पूर्ण आत असताना तो कॅम आणि त्याचा स्क्रू यांत सुमारे ०.४ मिलिमीटर अंतर असावे लागते, नाहीतर गरम गाडीही रेसवर राहते.

पद्मिनीच्या सोलेक्समध्ये हवेच्या तोंडाला झडप नसते. कार्बोरेटरच्या बाजूला जणू एक छोटा स्वतंत्र कार्बोरेटर बसवलेला असतो. त्याला पेट्रोलचा जेट वेगळा, हवेचा मार्ग वेगळा. दोन्हींतून तयार झालेले मिश्रण एका फिरत्या चकतीच्या भोकांतून थेट थ्रॉटलच्या खाली सोडले जाते. नॉब ओढला की चकती फिरते आणि भोके समोरासमोर येतात. अर्ध्यावर ढकलला की लहान भोक समोर येऊन पेट्रोल कमी होते. ही यंत्रणा इंजिनाच्या ओढीवर चालते आणि ती ओढ थ्रॉटल बंद असतानाच टिकते. म्हणून पद्मिनी थंड असताना सेल्फ मारताना पाय एक्सलरेटरवर ठेवायचा नाही. सवयीने पाय दाबून बसणाऱ्याला सकाळी गाडी लागत नाही आणि तो चोक बिघडला असे समजतो. असे पुष्कळ चोक काहीही बिघडलेले नसताना खोलले जातात.

खरा बिघाड असेल तर पहिला संशय केबलवर घ्यावा. बॉनेट उघडून दुसऱ्या माणसाला नॉब ओढायला सांगावे आणि आपण कार्बोरेटरवरचा लिव्हर पाहावा. नॉब पूर्ण बाहेर आला तरी लिव्हर अर्ध्यावरच अडकतो, असे हमखास दिसते. आतली तार स्क्रूखाली घसरलेली असते, किंवा बाहेरचे आवरण धरणारी क्लिप ढिली होऊन तारेऐवजी आवरणच मागेपुढे सरकत असते. क्लिप आधी घट्ट करावी. मग नॉब पूर्ण आत ढकलून, लिव्हर त्याच्या जागेवर टेकलेला असताना, तारेला एक-दीड मिलिमीटर ढील ठेवून स्क्रू आवळावा. ही ढील ठेवलीच पाहिजे. तार ताणलेली राहिली तर चकती पूर्ण मिटत नाही आणि चोक आत असूनही पेट्रोल झिरपत राहते. तार गंजून जड झाली असेल तर केबल बदललेली बरी. तेल घालून ती फार दिवस चालत नाही.

केबल ठीक असूनही गरम इंजिन काळा धूर सोडत असेल, तर चकती पाहावी. ती झिजली किंवा तिच्यावर चरे पडले तर बंद असतानाही गळते.

उलट तक्रारही तितकीच येते : चोक ओढला की गाडी चालते, आत ढकलला की बंद. इंजिन गरम झाल्यावरही असेच होत असेल, तर चोक बहुधा निर्दोष असतो. गाडीला पेट्रोल कमी पडते आहे आणि चोक ती उणीव झाकतो आहे, इतकाच त्याचा अर्थ. बहुतेक वेळा आयडलिंगचे पेट्रोल सोडणाऱ्या स्लो जेटमध्ये कचरा असतो. जेट काढून हवेने फुंकावा. तार घालून भोक मोठे करू नये, नाहीतर माप कायमचे बिघडते. जेट साफ असेल तर कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधून हवा शिरत असते. नट वर्षानुवर्षे जोरात आवळल्याने कार्बोरेटरचा तळ वाकतो, मग नवे पॅकिंग घालूनही हवा थांबत नाही. सपाट काचेवर धरून पाहिले की वाक कळतो.

आयडलिंग लावायचे ते इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, चोक आत असताना. प्लग, पॉइंट आणि टायमिंग त्याआधी नीट करून घ्यावेत. मिक्श्चर स्क्रू हलकेच पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढावा, इंजिन सर्वांत सुरळीत चालेल तिथे आणावा, मग थ्रॉटलच्या स्क्रूने मिनिटाला साधारण ७०० ते ८०० फेरे ठेवावेत. सकाळच्या थंड इंजिनावर हेच स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास दिसते. ती चूक आहे : सकाळ निभावते, पण दुपारी सिग्नलवर गाडी विनाकारण रेसवर उभी राहते आणि पेट्रोल खाते.

मुंबईच्या हवेत वर्षातले बहुतेक दिवस अर्धा चोक पुरतो. डिसेंबर-जानेवारीत निफाड किंवा महाबळेश्वरच्या पहाटे तो पूर्ण ओढावा लागतो. इंजिनाने जोर धरताच नॉब टप्प्याटप्प्याने आत ढकलावा. चोक ओढलेलाच राहिला तर प्लग काजळतात. शिवाय न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन काढते आणि खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ करते. डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ते लगेच बदलावे. इंजिन ओव्हर झाले, म्हणजे त्यात जास्त पेट्रोल शिरले असेल तर चोक आत, एक्सलरेटर पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत सेल्फ मारून जास्तीचे पेट्रोल बाहेर काढतात.

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने या गाड्यांचे गणित थोडे बदलले आहे. इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, आणि तेवढ्याच जेटमधून मिळणारे मिश्रण हवेच्या मानाने पातळ पडते. त्यामुळे चोक पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ लागू शकतो. जुन्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्याही इथेनॉलला टिकत नाहीत. त्या फुगल्या किंवा चिरल्या असतील तर चोकला हात लावण्याआधी बदलाव्यात.