मशीन कुणाच्या नावावर?

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. त्या दिवसावर पुष्कळ लिहिले गेले, पण बहुतेक सगळे माणसाला मिळालेल्या क्रमांकाबद्दल. त्याच व्यवस्थेत यंत्रालाही क्रमांक होता, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. आधार नोंदणीनंतर हातात पडणारी पावती पाहा. तिच्यावरच्या चौदा आकड्यांपैकी पहिले चार नोंदणी करणाऱ्या संस्थेचे, पुढचे पाच ज्या संचावर नोंदणी झाली त्या स्टेशनचे आणि शेवटचे पाच अनुक्रमाचे. त्याला जोडून तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ. लॅपटॉप, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, बुबुळाचा स्कॅनर, कॅमेरा, प्रिंटर असा तो संच कुठल्या कपाटात ठेवला आहे हे पावतीवरून कळत नाही, पण त्याने कोणते काम केव्हा केले ते कळते. २०१७ मध्ये देशभरातले सुमारे ४९ हजार नोंदणी ऑपरेटर काळ्या यादीत टाकता आले, ते प्रत्येक नोंदणीमागे ऑपरेटर आणि संच यांचा माग राहत होता म्हणूनच. याच जिल्ह्यातल्या सरकारी कचेऱ्या मात्र आपल्या संगणकांची नोंद वेगळ्याच पद्धतीने ठेवत आल्या आहेत. त्या पद्धतीचा पहिला प्रश्न ‘चार्ज कुणाकडे?’ हा असतो, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात यंत्रे बंद पडून राहण्याचे एक कारण या प्रश्नातच आहे असे मला वाटते.

ही पद्धत संगणकाबरोबर आलेली नाही. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा निघाला. जिल्हा फुटला की दप्तराबरोबर सामानाच्याही याद्या होतात. तलाठी बदलला की चार्ज यादीवर देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्या होतात. सही केली की सामान नव्या माणसाच्या गळ्यात. हा शिरस्ता टेबल-खुर्चीसाठी उत्तम होता. पण त्याच जुन्या महसुली कारभारात एक वस्तू अशीही होती, जिची केवळ हजेरी पुरत नसे. मुंबई इलाख्यातली मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. ओढून ओढून कड्या ताणल्या जातात. साखळी अवघी दोन इंच लांबली तरी मोजलेले क्षेत्र शेकडा एकाने कमी भरते, म्हणजे शंभर गुंठ्यांचे शेत कागदावर नव्व्याण्णवचे होते. म्हणून साखळी प्रमाण लांबीशी ताडून पाहावी लागे. ती कुणाच्या ताब्यात आहे याइतकेच ती खरी मोजते का हेही महत्त्वाचे होते. संगणक आला तेव्हा त्याची नोंद या साखळीच्या रीतीने व्हायला हवी होती. झाली ती टेबलाच्या रीतीने.

ग्रामपंचायतीचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात २०११ च्या लेखासंहितेनुसार नमुना १५ ही उपभोग्य वस्तुसाठ्याची नोंदवही आणि नमुना १६ ही जडवस्तू संग्रह व जंगम मालमत्तेची, म्हणजे बोलीतले डेडस्टॉक. प्रिंटर सोळामध्ये चढतो, त्याचा टोनर पंधरामध्ये. दोन वह्या, दोन पाने, आणि एकीतून दुसरीकडे जायला वाट नाही. टोनर संपून प्रिंटर चार महिने गप्प बसला तरी दोन्ही वह्या बरोबर असतात: पंधरामध्ये शिल्लक शून्य, सोळामध्ये प्रिंटर एक नग. सोळाच्या रकान्यांत खरेदी, किंमत, संख्या, विल्हेवाट आणि शिल्लक सापडते. वस्तू चालते की नाही हे लिहायचेच झाले तर शेऱ्याच्या रकान्यात. २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाखाली आणि २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्रांमुळे गावोगावी ऑपरेटर बसले, तेव्हा गुंता वाढला. यंत्रावर बोटे चालवणारा कंपनीकडचा कंत्राटी केंद्रचालक, वही सांभाळणारा ग्रामसेवक. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर अनुपालन ग्रामसेवकाने करायचे, आणि यंत्र बिघडले हे त्याच्या आधी केंद्रचालकाला कळणार. अशा व्यवस्थेत ग्रामसेवकाने खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली तर तो आळशी आहे असे म्हणता येणार नाही. वही त्याला तेच शिकवते.

याचा सगळ्यात बोलका पुरावा २०२१ चा आहे. २०१९ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाइल दिले. मुलांची वजने-उंच्या, आहार, गरोदर मातांची माहिती त्यावर भरायची. दोनेक वर्षांत फोन अडकू लागले, तापू लागले, वॉरंटी संपली. २०२१ मध्ये आलेले पोषण ट्रॅकर अ‍ॅप त्या कमी क्षमतेच्या फोनवर नीट चालेना, आणि त्याची भाषा तेव्हा इंग्रजी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी राज्यभर मोबाइल वापसीचे आंदोलन केले आणि फोन प्रकल्प कार्यालयांत जमा केले. त्यांच्या तक्रारींत दुरुस्तीचा खर्च आपल्यावर टाकला जातो ही तक्रार ठळक होती. म्हणजे फोन सरकारचा, काम सरकारचे, बिघाड मात्र सेविकेचा. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर घरची बोली पावरी किंवा भिली. तिथल्या सेविकेला मराठी हीच शिकून घेतलेली भाषा, त्यावर इंग्रजी अ‍ॅप आणि रेंज मिळाली तर मिळाली. या सगळ्यांतून वाट काढत ती वजन भरणार, आणि स्क्रीन फुटली तर मानधनातून भरपाई. आता नोंदवहीच्या बाजूने पाहा. आंदोलनाच्या आदल्या दिवशी हे फोन यादीत ‘वाटप झाले’ होते, दुसऱ्या दिवशी ‘जमा झाले’. ते वापरण्याजोगे कधीपासून उरले नाहीत, हे सांगायला त्या यादीत जागाच नव्हती. ते सांगायला बायकांना रस्त्यावर यावे लागले.

यावर पहिला आक्षेप असा की जबाबदारी ढिली केली तर वस्तू पाय फुटून जातील. खरे आहे, सरकारी सामान घरी नेण्याची कला आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. मुंबई वित्तीय नियमांपासून केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांपर्यंत सगळीकडे साहित्याच्या प्रत्यक्ष पडताळणीचा आग्रह आहे तो उगाच नाही. पण चोरी आणि झीज यांना एकाच मापाने मोजले की माणूस झीजही चोरीसारखी लपवतो. बिघाड कळवणाऱ्याला भरपाईची भीती आणि न कळवणाऱ्याला काहीच नाही, असा सौदा असेल तर वहीत सगळी यंत्रे ठणठणीत राहणार.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. टेंभलीच्या पद्धतीने प्रत्येक यंत्राच्या कामाचा माग ठेवला तर तो यंत्राचा न राहता कर्मचाऱ्याचा होईल, सेविकेच्या आणि तलाठ्याच्या मानेवर आणखी एक डोळा बसेल. हा धोका मी नाकारत नाही. काळ्या यादीतले ऑपरेटर यंत्रामुळेच सापडले, आणि तशा यादीत निर्दोष माणूसही अडकू शकतो. तरी उलट बाजू पाहावी. फेरफार ऑनलाइन झाल्यापासून तलाठ्याची डिजिटल सही पेन ड्राइव्हएवढ्या एका उपकरणात असते. त्याची किंमत इतकी किरकोळ की नोंदवहीत त्याला मान नाही, पण ते नसेल तर सातबारा हलत नाही. तलाठी संघटनेला हे नेमके ठाऊक होते. ऑक्टोबर २०२१ च्या आंदोलनात तलाठ्यांनी टेबले-खुर्च्या जमा केल्या नाहीत, डिजिटल सहीची हीच उपकरणे, म्हणजे डीएससी, जमा केली. कुठल्या वस्तूवर कोणते काम अडते याची जाण कर्मचाऱ्यांपाशी आहे. तिला वहीत जागा द्यायची झाली तर टेहळणी लागत नाही, चालू-बंद असा एक रकाना आणि बंद लिहिणाऱ्याला अभय एवढे पुरते. सॉफ्टवेअर आणून हे आपोआप होईल असेही नाही. जुनेच रकाने पडद्यावर आणले तर प्रिंटर तिथेही एक नगच राहील. आणि सातपुड्यात वीज जाते तेव्हा कागदाची वहीच उघडता येते, तेव्हा तिला मोडीत काढायची घाई नको.

मोडीत काढण्याचा प्रश्न तर यंत्रांच्याच बाबतीत अडलेला आहे. निर्लेखनाचा प्रस्ताव, समितीची मंजुरी, किंमत ठरवणे, लिलाव ही वाट खुर्चीसाठी आखलेली. २०२३ पर्यंत लागू असलेल्या २०१६ च्या ई-कचरा नियमांनी सरकारी कार्यालयांना मोठे ग्राहक ठरवले होते: जुने संगणक भंगारवाल्याला न विकता अधिकृत वाटेनेच पुनर्चक्रणाला द्यायचे आणि त्याची नोंद ठेवायची. नियम योग्यच होता. पण तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनासाठी जुना सीपीयू घालवण्याची कटकट तो ठेवण्याच्या कटकटीपेक्षा मोठी झाली, म्हणून तो कपाटावर राहतो आणि दर वर्षी पडताळणीत ‘एक नग, आढळला’ अशी टीप घेतो. त्याच्या हार्ड डिस्कवर कुणाच्या जमिनीची, कुणाच्या दाखल्याची माहिती उरली आहे, हे पडताळणी करणारा विचारत नाही, कारण त्याच्या हातातल्या नमुन्यात तो प्रश्नच छापलेला नाही.