उत्तम घोडा कोणाच्या नजरेने?

१/ 'आइने अकबरी'त घोड्यांच्या सात प्रती नोंदल्या आहेत. अग्रस्थानी अरबी, मागोमाग इराणी. तळाला हिंदुस्थानी ताजी आणि जंगला. तपासणीत घोड्यावर डाग पडे आणि जी प्रत ठरे, तीवर स्वाराचे वेतनही ठरे.

२/ मूळ देशाला झुकते माप देणाऱ्या या प्रतवारीत दख्खनचा ठेंगणा भीमथडी घोडा मागेच राहिला असता. मराठ्यांच्या लांब दौडींना मात्र त्याचाच काटकपणा कामी आला.

३/ सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात आजही देवमण, पंचकल्याण पाहून भाव चढतो. भोवऱ्याने चाल सुधारत नाही, किंमत सुधारते.

४/ पारखी प्रामाणिक असला तरी पुरत नाही. कोणते गुण मोजायचे, हे ठरते तेथेच अर्धा निवाडा होऊन जातो.