खामगावची गाठ आणि रॅमचा वेग

परवा बडनेऱ्याहून मावसभावाचा फोन. "दादा, डीडीआर-५ वाला लॅपटॉप घेऊ का? दुकानदार म्हन्ते, जुन्याहून डबल फास्ट हाय." वरचे सहा हजार तो उसने घेणार होता. म्हटलं, थांब भाऊ, आधी खामगावला जाऊन येऊ.

१८७० साली खामगाव अकोला जिल्ह्यात होतं. त्या वर्षी जलंबहून तिथवर रेल्वे आली, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. त्याच वर्षी मुंबई-इंग्लंड समुद्रातली तार जोडली गेली. सुएझ कालवा आदल्या वर्षीच खुला झाला होता. मग लिव्हरपूलचा व्यापारी तारेनं ऑर्डर द्यायचा अन् साधारण सहा आठवड्यांत वऱ्हाडचा कापूस त्याच्या धक्क्यावर! आता पाहा, पहिली गाठ पोचायला लागतो तो वेळ म्हणजे लेटन्सी. आठवड्याला किती गाठी उतरतात, ती बँडविड्थ. गाडीला दुप्पट डबे जोडा, गाठी दुप्पट जातील. पहिली गाठ मात्र एक दिवसही आधी पोचणार नाही.

रॅममध्ये हेच झालंय. जुनी डीडीआर-४०० सेकंदाला ३.२ जीबी डेटा द्यायची. डीडीआर५-४८०० देते ३८.४ जीबी, म्हणजे बारापट. आणि पत्ता दिल्यापासून पहिला डेटा निघेपर्यंतचा वेळ? तेव्हा १५ नॅनोसेकंद, आज साध्या सीएल४० पट्टीत जवळपास १७. कमी सोडा, थोडा वाढलाच!

काहून? रॅमचा एकेक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला विजेचा थेंब. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डला याचं पेटंट १९६८ मध्ये मिळालं, आजही गाभा तोच. तो थेंब ओळखून मोठा करायला वेळ लागतोच. म्हणून इंजिनिअरांनी डबे वाढवले: डीडीआर एका खेपेत प्रत्येक तारेमागे २ बिट उचलायची, डीडीआर-५ उचलते १६. एआयच्या कार्डांवरची एचबीएम तर चिपांच्या एकेका थप्पीला हजारावर तारा लावते.

व्हिडिओ एडिटिंग, गेमिंग असेल तर ही बँडविड्थ कामाची, नाही म्हणत नाही. पण भावाचं काम काय? स्पर्धा परीक्षेच्या पीडीएफ अन् वीस टॅब. तिथं ८ जीबी भरली की लॅपटॉप डिस्ककडे धावतो, अन् ती वाट रॅमपेक्षा हजारपटींनी लांब.

त्यानं डीडीआर-४ वालाच घेतला, १६ जीबीचा. उसने पैसे लागले नाहीत.