ॲम्स्टरडॅमचा दोन दिवसांचा संप

आम्हां कामगार चळवळीतील माणसांना संप म्हटला की आपला पगार, आपला महागाई भत्ता, कामावरून काढलेला आपला गडी एवढेच आठवते. त्यात लाजण्याजोगे काही नाही. पण ज्या संपाची हकीगत आज सांगावयाची आहे, त्याची मुख्य मागणी अशी होती : धरून नेलेल्या ज्यूंना सोडा.

हॉलंड १९४० च्या मे महिन्यात जर्मनांच्या हाती पडले. त्याच शरद ऋतूत सरकारी नोकरांकडून 'आम्ही ज्यू नाही' असे लिहून घेण्यात आले, आणि बहुतेकांनी निमूटपणे सह्या केल्या. लायडनच्या प्राध्यापक क्लेव्हरिंगांसारखा एखादा उभा राहिला. बाकी कचेऱ्या चालू राहिल्या. पुढे १९४१ च्या २२ व २३ फेब्रुवारीस ॲम्स्टरडॅमच्या ज्यू वस्तीवर छापे पडले. सुमारे सव्वाचारशे तरुणांना भर चौकात उकिडवे बसवून, मारझोड करून नेण्यात आले. त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही परतले नाहीत.

सोमवारी, ता. २४ च्या संध्याकाळी, नॉर्डरमार्क्ट या बाजारचौकात नगरपालिकेचे काही शे कामगार उघड्यावर जमले. पुढाकार दोघांचा : विलेम क्रान हा रस्त्याच्या कामावरचा, पीट नाक हा शहरसफाई खात्यातला. दोघेही बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे शीतयुद्धाच्या दिवसांत तिकडेही ही गोष्ट उच्चारणे अनेकांना जड जाऊ लागले.

पत्रके रातोरात वाटली गेली. मंगळवारी पहाटे ट्राम निघाल्या नाहीत. ज्या निघाल्या त्या लोकांनी अडविल्या. संघटकाला यातले मर्म चटकन कळेल. ट्राम बंद पडली की सभेवाचून साऱ्या शहराला वर्दी पोहोचते. गोद्या थांबल्या, कारखाने थांबले, दुकानांतले नोकर रस्त्यावर आले. दुसऱ्या दिवशी संप झांडाम, हार्लेम, हिल्व्हरसुम, उट्रेख्टपर्यंत गेला. मग बंदुका बोलू लागल्या. नऊ माणसे ठार झाली, ॲम्स्टरडॅमवर दीड कोट गिल्डरचा दंड बसला, १३ मार्चला गोळ्या घातलेल्या अठरांत तिघे संपवाले होते. क्रानला १९४२ च्या नोव्हेंबरात गोळ्या घातल्या. नाक छळ सोसून जगला.

एकही तरुण सुटला नाही. आमच्या हिशेबाने संप फसला, असेच म्हणावे लागेल. पण आमचे मन अडते ते पुढच्या गोष्टीपाशी. १९४२ च्या जुलैपासून ज्यूंना छावण्यांकडे नेणे सुरू झाले, तेव्हा त्यांना स्टेशनावर पोहोचविण्यास त्याच शहराच्या ट्राम होत्या, आणि पुढे डच रेल्वेच्या आगगाड्या. हँडलवर बसलेल्या हातांत फेब्रुवारीत थांबलेले काही हात नसतीलच, असे कोण म्हणेल? हॉलंडमधील सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. सुमारे पंचवीस हजारांनी मात्र लपण्याचा मार्ग धरला, आणि त्यांना माळ्यावर, शेतावर ठेवून घेणारी कुटुंबे निघाली. आपल्या शिधापत्रिकेवरचा घास वाटून त्यांनी वर्षानुवर्षे जीव मुठीत धरला. ट्राम अडविणे एका सकाळचे काम. हे रोजचे होते.

रेल्वे कामगारही संप करू शकत होते. लंडनमधील डच सरकारने हाक दिली तेव्हा १७ सप्टेंबर १९४४ रोजी सुमारे तीस हजारांनी गाड्या थांबविल्या. वेस्टरबोर्क छावणीतून ज्यूंना घेऊन जाणारी शेवटची गाडी १३ सप्टेंबरला निघून गेली होती.